नुसतं बसून राहणं म्हणजे वाट बघणं नाही

एका ताईंनी विचारलंय की आगमनकाळात, म्हणजे नाताळची वाट बघायच्या आधीच्या चार आठवड्यांत, नेमकं करायचं काय, चार रविवार नुसत्या मेणबत्त्या लावत बसायचं का. आमच्या निफाडकडं द्राक्षबागेत या म्हणावं डिसेंबरात. ऑक्टोबर छाटणी झालेली असते, घड भरत असतात, माल निघायला अजून महिना-दोन महिने, आणि थंडीचा पारा उतरला की पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात नाहीतर मणी तडकतात. ह्याला म्हणतात वाट बघणं, झोप कुठली!

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात दुसऱ्या अध्यायातली हन्ना बघा, 84 वर्षांची विधवा, मंदिर सोडून जात नव्हती, उपास प्रार्थना चालूच, आणि बाळ येशूला तिथं आणलं तेव्हा ती हजर. त्याच वेळी मंदिरात बाळाला हातात घेणाऱ्या शिमोनाबद्दल सगळे बोलतात, म्हातारीला कोण विचारत नाही (आमच्या चर्चमधे पण तसंच 😀).

बाकी तिसऱ्या रविवारची गुलाबी मेणबत्ती आनंदाची असते, जांभळ्यात मधेच एक गुलाबी, म्हणजे अर्धी वाट सरली. मला तर नाताळपेक्षा तोच रविवार जास्त आवडतो, का ते सांगता येत नाही.