प्रकाशाचे प्रयोग घरी करायचेत, किट घेऊ का?

पाऊसवेडी
नमस्कार मंडळी. लेक सहावीत आहे. प्रकाशाचा धडा पाठ आहे, म्हणजे अक्षरशः पाठ. "प्रकाश सरळ रेषेत जातो" हे झोपेतही सांगेल. परवा विचारलं, कशावरून? तर माझ्याच तोंडाकडे बघत बसली.
मागच्या वर्षी अठराशे रुपयांचं किट मागवलं होतं. भिंगं प्लॅस्टिकची, आली तीच चरे पडलेली. दिवाळीच्या सुट्टीत काहीतरी धड करायचंय. घर वन बीएचके, ऊन फक्त सकाळी बाल्कनीत. चांगलं किट सुचवा, नाहीतर घरातल्या वस्तूंत काय होईल ते सांगा.

निवृत्त_मास्तर
किट नको. कवडशापासून सुरुवात करा.
कौलारू घरात वाढलेल्यांना आठवेल, फट कितीही वेडीवाकडी असली तरी जमिनीवरचा कवडसा गोल नाहीतर लंबगोलच पडायचा. तो फटीचा आकार नसतोच, ते सूर्याचं चित्र असतं. खंडग्रास ग्रहणात त्याच कवडशांच्या कोरी होतात.
फ्लॅटमध्ये कौलं कुठली! तर पावडरच्या डबीतला आरसा घ्या. वर काळा कागद चिकटवा, मधे ६ मिलिमीटरचं चौकोनी भोक ठेवा. आरसा उन्हात टेकवून तिरीप घरात घ्या आणि तिच्यासमोर पांढरा पुठ्ठा धरा. वीतभर अंतरावर ठिपका चौकोनी. आता पुठ्ठा घेऊन मागे मागे सरका. कोपरे विरघळत जातात आणि आठ-नऊ मीटरवर चक्क गोल! इथे गप्प बसायचं, मुलीला बोलू द्यायचं.
मग टेप लावा. अंतर भागिले ठिपक्याचा व्यास, उत्तर १०७च्या आसपास यायला हवं. सूर्य १५ कोटी किलोमीटर लांब आहे हे पुस्तकात आहेच, त्याला याच आकड्याने भागा. सूर्याचा व्यास, १४ लाख किलोमीटर, घरबसल्या.
आरशात कुणी डोकवायचं नाही, आणि तिरीप शेजाऱ्यांच्या खिडकीत नको.

तेलकट_भिंग
मास्तरांचा प्रयोग झकास, पण माझ्या पोराला टेप दिसली की तो पळतो. त्याला आधी जादू लागते. बोरोसिलिकेट काचेची परीक्षानळी गोडेतेलात बुडवा, गायब होते. दोघांचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश त्यात शिरताना किती वळतो त्याचा आकडा, जवळपास सारखाच, १.४७, त्यामुळे प्रकाशाला मधे काच आहे याचा पत्ताच लागत नाही. साध्या चहाच्या ग्लासाची काच साधारण १.५२, तिची कड अंधुक दिसत राहते. दोन्ही शेजारी शेजारी करा.
मी पहिल्यांदा नळीच्या आत तेल भरायला विसरलो. आत हवा, त्यामुळे नळी चांदीसारखी चमकत होती आणि पोरगं म्हणालं, "बाबा, कुठे गायब झाली?" आतही तेल भरा. तेल वाया जात नाही, आमच्याकडे दिव्यांना वापरलं.

रात्रपाळी
घाईत आहे, थोडक्यात. जुनी सीडी तिरकी धरून जुन्या पद्धतीच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा, रंगांचे सुटे पट्टे दिसतात. एलईडीचे रंग एकमेकांत मिसळलेले. ग्लासभर पाण्यात दुधाचे चार थेंब, अंधार, एका बाजूने टॉर्च: बाजूने बघितलं तर निळसर, समोरून तांबूस. आकाश आणि मावळतीचं तेच कारण. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर असं बरंच आहे, मराठीतही आणि फुकट. लेझर मात्र मुलांच्या हातात देऊ नका.

पाऊसवेडी
झालं! दार उघडून पॅसेजच्या टोकापर्यंत गेलो. सोसायटीचे काका "काय हरवलंय?" म्हणून दोनदा विचारून गेले. अंतर ९ मीटर, ठिपका ९ सेंटिमीटर. पण उत्तर १०० आलं, १०७ नाही. लेक हिरमुसलीय. टेप चुकली का?

निवृत्त_मास्तर
टेप बरोबर आहे. भोक बिंदूएवढं नाही ना, ते आपली रुंदी ठिपक्यात मिसळतं. किती वजा करायचं ते तिलाच विचारा.

पाऊसवेडी
९ वजा ०.६ म्हणजे ८.४. आलं १०७! तिनेच केलं. आता म्हणतेय चंद्र मोजायचा.

निवृत्त_मास्तर
चंद्राला आरसा नको. मटारचा दाणा चिमटीत धरून हात लांब करा, एक डोळा मिटा. अख्खा चंद्र त्यामागे लपतो. मग दाणा मोजा, हात मोजा.