म्युझियममध्ये 'एंगेज' होणं याला मराठीत काय म्हणाल?

खुंटी: मंडळी, एका म्युझियमच्या शाळांसाठीच्या कार्यक्रमाचं मराठी करतेय, त्यात दर दोन ओळींनी 'व्हिजिटर एंगेजमेंट' येतंय. 'अभ्यागतांचा सहभाग' लिहिलं तर वाटतं, आता अर्ज तीन प्रतींत भरायला लावतील. 'गुंतवणे' म्हणावं तर पैसे गुंतवल्यासारखं नाहीतर कोणाला तरी लफड्यात अडकवल्यासारखं वाटतं. आणि व्हिजिटर म्हणजे कोण, प्रेक्षक म्हटलं की नाटक आठवतं, पर्यटक म्हटलं की बस. सुचवा काहीतरी.

मोडीवाला: मुळात घोळ 'संग्रहालय' शब्दातच आहे असं माझं मत. संग्रह आणि आलय, म्हणजे सामान ठेवायची जागा, बघणारा माणूस त्यात कुठेच नाही. आयकॉमने, म्हणजे म्युझियमांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, 2022 मध्ये प्रागला म्युझियमची नवी व्याख्या केली, त्यात जतन-संशोधनाच्या बरोबरीने शिक्षण आणि आनंदही आहे. आपला शब्द मात्र अजून गोदामातच बसलाय :)

अजबबंगलेवाली: नागपुरात या मग. 1863 चं सेंट्रल म्युझियम, पण रिक्षावाल्याला 'मध्यवर्ती संग्रहालय' म्हणाल तर तो तुमच्या तोंडाकडे पाहील, 'अजब बंगला' म्हणा, सोडतो बरोबर. कलकत्त्यात जादूघर म्हणतात तसंच हे. या नावांमध्ये बघणाऱ्याचं तोंड उघडं राहिलेलं दिसतं की नाही सांगा. तुमचं ते एंगेजमेंट आमच्या लोकांनी पाटीवरच लिहून ठेवलंय.

अर्धा_चहा: अजब बंगला +१. पण मोडीवाले, संग्रहालयाला इतकं झोडू नका, प्राणिसंग्रहालयात पोरं रमतातच की. हां, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज म्युझियमने 2019 मध्ये चिल्ड्रन्स म्युझियम काढलं त्याला 'बालसंग्रहालय' म्हणायची माझी काही हिंमत होत नाही, पिंजऱ्यात पोरं ठेवलीयत असं वाटतं. 'मुलांचं म्युझियम' म्हणावं, सरळ. त्यांची बस आहे ना गावोगाव फिरणारी, म्युझियम ऑन व्हील्स, तिला मात्र 'फिरतं म्युझियम' छान बसतं, फिरतं वाचनालय होतंच आपल्याकडे.

खुंटी: अर्धा चहा, तुम्ही जाताजाता 'रमतात' लिहून गेलात, तोच शब्द हवा होता! रमणे. यात जबरदस्ती नाही, वेळेचं भान सुटणं आहे, आणि शाळेतल्या बाईंनाही कळेल. 'मुलं दालनात रमावीत म्हणून' असं लिहिते आता.

मोडीवाला: रमणे चांगलाय पण अर्धाच आहे. गेल्या महिन्यात एका म्युझियममध्ये काचेमागे पितळी अडकित्ता, घोड्याच्या तोंडाचा, खाली पाटी फक्त इंग्रजीत 'बीटल नट कटर', वर क्यूआर कोड. शाळेची पोरं कोड स्कॅन करून तेच इंग्रजी मोबाइलवर वाचत होती. शेजारी एक आजी नातीला हवेतच मूठ आवळून दाखवत होत्या, सुपारी कुठे धरायची, अंगठा कसा आत जाऊ द्यायचा नाही, आणि मग पोरं मोबाइल सोडून आजींभोवती गोळा. त्यांना नुसतं रमणं म्हणू नका, तिथे विचारणं सुरू झालं होतं, 'कात कशाला लागतो' पासून. म्हणून दोन शब्द वापरा, मुलं रमतात आणि बोलती होतात. 'बोलतं करणे' आहेच की आपल्याकडे.

अजबबंगलेवाली: वा, बोलतं करणे! पाटीलाही लागू पडते ते. अडकित्त्याला अडकित्ता लिहायला काय जाते बाप्पा, ॲप नंतर काढा.

खुंटी: घेतले दोन्ही. आता शेवटचं, 'व्हर्चुअल टूर'. 'आभासी सफर' नको, आभासी म्हणजे खोटीच वाटते.

अर्धा_चहा: 'घरबसल्या म्युझियम'. आणि व्हिजिटरला 'येणारे' म्हणा, पुढे जा.