पोरांना मासे गरवायला नेताय? मग पकडलेला मासा खायला घाला, सोडायला शिकवू नका

खाडीकाठचा
सुट्ट्या जवळ आल्या की कॅलिफोर्नियातली आपली मंडळी विचारतात, पोरांना मासे पकडायला कुठे न्यायचं? मी सांगतो, इन्यो नॅशनल फॉरेस्टमधलं बिशप क्रीक. हायवे ३९५ वरच्या बिशप गावातून रस्ता वर चढतो आणि साउथ लेक, लेक सब्रिना हे दोन तलाव लागतात. दोन्ही ९,००० फुटांच्या वर. त्यामुळे पहिला दिवस नुसता आराम, भरपूर पाणी, पोरांना पळवायचं नाही. जंगल फॉरेस्ट सर्व्हिसचं, म्हणजे केंद्र सरकारचं असलं तरी मासेमारीचं लायसन्स राज्याचं असतं. १६ वर्षांखालच्यांना ते लागत नाही. पण पोराच्या हातातला रॉड घेऊन तुम्ही स्वतः गळ टाकणार असाल, तर तुम्हाला लागतं. वर्षातून दोन शनिवार विनालायसन्स मासेमारीचे असतात, एक ४ जुलैच्या सुमारास आणि एक लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार). नवख्या कुटुंबाने त्यातला एक धरावा.

आता मुद्द्याचं. हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, वाढवून पाण्यात सोडलेला रेनबो ट्राउट (गोड्या, थंड पाण्यातला मासा) लागला, तर तो मारावा, साफ करावा आणि त्याच संध्याकाळी पोरांच्या ताटात वाढावा. फोटो काढून परत सोडायची पद्धत मला पटत नाही. जेवणासाठी जीव घेणं मी समजू शकतो, करमणुकीसाठी तोंडात गळ रुतवणं नाही. आमच्या मालवणात खाडीवर गरवायला बसलेला माणूस शेंगाळा लागला तर घरी घेऊन येतो, त्याचं तिखलं होतं. त्यात क्रूरपणा आहे असं कुणाला वाटत नाही.

रानपाखरू
अजिबात पटलं नाही. हॅचरीचा मासा खा, हरकत नाही. पण ओढ्याच्या वरच्या अंगाला वीतभर ब्राउन ट्राउट असतात, ते तिथेच जन्मलेले असतात. प्रत्येक कुटुंबाने तेही पिशवीत घातले तर ओढा रिकामा होईल. उलटा काटा नसलेला गळ वापरा, हात ओले करून मासा धरा, शक्यतो पाण्याबाहेर काढूच नका. तो नीट पोहत जातो. हातात आलेलं सगळं आपलं नसतं, हे पोरांना शिकवण्याची याहून चांगली जागा नाही.

खाडीकाठचा
@रानपाखरू, तुम्ही सांगता ते कसलेल्या माणसाला जमतं. सहा-सात वर्षांचं पोर पिठासारखं आमिष लावून काठावर बसतं. मासा ते गिळतो, गळ थेट घशात जातो. तो ओढून काढला की कल्ले फाटतात. असा मासा सोडला तरी पुढे मरतो, फक्त आपल्या डोळ्यांआड. शिवाय ऑगस्टमध्ये खालच्या भागात पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की ट्राउट आधीच दमलेला असतो, त्यात झुंजवून सोडायचा? आमिषाने धरलेला मासा ठेवावाच.

सह्याद्रीची लेक
तुम्ही दोघंही हे मासे तिथलेच धरून चालला आहात. सिएरा नेवाडा, म्हणजे याच डोंगररांगेतल्या बहुतेक उंच तलावांत मुळात मासेच नव्हते, माणसांनी नेऊन सोडले. ब्राउन ट्राउट युरोपातला, ब्रूक ट्राउट अमेरिकेच्या पूर्वेकडचा. या माशांनी बेडकांची पिल्लं खाल्ली. तिथला पिवळ्या पायांचा बेडूक २०१४ मध्ये संकटग्रस्त यादीत गेला. बुरशीचा रोगही त्याला कारण आहेच, पण मासे हे मोठं कारण. शेजारच्या सिक्वोया आणि किंग्ज कॅनियन नॅशनल पार्कने तर काही तलावांतून ट्राउट जाळी लावून काढून टाकले. तेव्हा ब्रूक ट्राउट खाल्ल्याने निसर्गाचं काही बिघडत नाही. मात्र लाहोंटन कटथ्रोट ही ट्राउटची जात संरक्षित आहे, तो ओळखता आलाच पाहिजे. निघण्यापूर्वी पोरांना चित्रं दाखवून ठेवा.

तुळशीमाळ
आमचं घर माळकरी, म्हणून विचारते. लहान मुलाला जंगलात नेऊन पहिला धडा मारण्याचाच का? माझा भाचा मासा तडफडताना पाहून रात्रभर जेवला नाही. त्याच ओढ्यात दगड उलटून पाहिला तर खाली पाण्यातले किडे चिकटलेले असतात, मुलं तासन्‌तास त्यात रमतात. ट्रिप मासेमारीचीच हवी हा हट्ट कुणाचा आहे, मुलांचा की बाबांचा?

खाडीकाठचा
ताई, ज्या मुलाला नको त्याला लावूच नये, यात वाद नाही. पण जे मूल घरी मासे खातं, त्याने एकदा तरी ते कुठून येतात हे पाहावं. मी मुलीला शेजारी बसवून साफ करतो. ट्राउटचे खवले काढावे लागत नाहीत. शेपटीकडून कल्ल्यांपर्यंत पोट चिरायचं, आतलं सगळं एका ओढीत निघतं. कण्यालगतची काळी रक्ताची रेघ अंगठ्याच्या नखाने खरवडायची. तुम्ही म्हणता तेच किडे त्याच्या पोटात सापडतात, आणि ती नेमकं तेच विचारते. मग हळद, मीठ, आगळ लावून रव्यात घोळवून तव्यावर.

तुळशीमाळ
तुमची मुलगी पाहू शकते, चांगलं आहे. मी भाच्याला पुन्हा नेणार नाही. आणि ती घाण ओढ्यात टाकू नका, अस्वलं येतात.

खाडीकाठचा
नाही टाकत. पिशवी बांधून कॅम्पग्राउंडच्या अस्वलाला न उघडणाऱ्या पेटीत टाकतो. कूलरही गाडीत न ठेवता लोखंडी लॉकरमध्ये.

रानपाखरू
एवढं तरी करा. तिथल्या बहुतेक पाण्यात माणशी दिवसाला ५ ट्राउटची मर्यादा आहे, पण ती गाठायचीच असं नाही. रात्री जेवायला जितके लागतील तितके धरा आणि रॉड गुंडाळून ठेवा. त्यानंतरही पोरांना गळ टाकायचाच असेल, तर आमिष बंद, उलट्या काट्याचा गळ बंद.