कॅम्परव्हॅनने नाशिक ते नागपूर, सोबत एवढुसं पिल्लू. जमेल का?

गंगापूररोडची_सून
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीच्या शेवटी नागपूरला सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन आहे, न जाऊन चालणारच नाही. आणि इकडे पंधरा दिवसांपूर्वी लॅब्रॅडॉरचं पिल्लू आलंय, नाव चिवडी (नाशिककरांच्या घरात दुसरं काय ठेवणार). निघू तेव्हा ती दहा आठवड्यांची असेल, लसीचा एकच डोस झालाय. हॉटेलवाले पिल्लू म्हटलं की नाहीच म्हणतात म्हणून नवऱ्याने कॅम्परव्हॅन भाड्याने ठरवली, म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलरच पण आत बेड, ओटा, छोटं बाथरूम. पहिला मुक्काम माझ्या माहेरी निफाडला, मग संभाजीनगरला नणंदेकडे, मग समृद्धीने नागपूर. अडचण अशी की कारमधून आडगाव नाक्यापर्यंत नेली तरी ती दोनदा ओकली!! कोणी असा प्रवास केलाय का?

पंचवटी_एक्सप्रेस
चार दिवस बोर्डिंगला ठेवा ना, कशाला डोक्याला ताप.

तीन_कुत्र्यांचा_बाप
वरच्या दादांना सांगतो, लसी पूर्ण नसताना बऱ्याच ठिकाणी बोर्डिंगला घेतच नाहीत आणि घेतलं तरी मी ठेवणार नाही. सून ताई, तुमची खरी भीती पार्व्हो, म्हणजे उलट्या-जुलाबांनी पिल्लांचा जीव घेणारा व्हायरस. पहिला डोस झाला म्हणजे काम झालं असं नसतं, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत डोस चालतात, रेबीजचा साधारण तीन महिन्यांना. आणि हा व्हायरस मातीत महिनोन्‌महिने टिकतो, आजारी कुत्रं तिथे दिसायलाच पाहिजे असं नाही. म्हणून ढाब्यावर, पेट्रोल पंपावर, टोलच्या बाजूच्या गवतात चिवडीला खाली सोडायचंच नाही, कितीही केविलवाणी बघू दे. व्हॅनमध्ये बाथरूम आहे ना, तिथे पेपर अंथरा, तेच तिचं टॉयलेट. घरी आत्तापासून त्याच पेपरची सवय लावा. या वयात दोन-तीन तासांच्या वर शू धरवत नाही, झोपून उठली की आणि खाल्लं की लगेच न्यायचं.

ओकण्याचं म्हणाल तर पिल्लांना गाडी लागतेच, कानातला तोल सांभाळणारा भाग अजून कच्चा असतो, मोठी झाली की बहुतेकांचं थांबतं. निघायच्या तीनेक तास आधी खाणं बंद, पाणी थोडं थोडं चालू. आणि आता रोज सोमेश्वरपर्यंत एक छोटी चक्कर मारा, तिथे गाडीतच बसून परत या. पिंजरा सीटला नीट बांधा, मांडीवर घेऊन बसू नका, ब्रेक मारला की पिल्लू थेट काचेवर. ओकणं थांबलंच नाही तर डॉक्टरांकडून औषध घ्या, माणसांच्या गोळ्या मनाने देऊ नका. दुसऱ्या डोसची तारीखही निघायच्या आधी बसते का ते विचारा.

द्राक्षबाग_निफाड
ताई माहेर निफाडला म्हणालात म्हणून लिहितोय. आपल्याकडे फेब्रुवारीत घरात, ओट्यावर, पडवीत, सगळीकडे द्राक्षंच. कुत्र्याला द्राक्ष आणि बेदाणे दोन्ही विष आहेत, किडनी जाते, आणि किती खाल्ल्यावर त्रास होईल याचा हिशोब नाही, एखाद्याला काही होत नाही आणि एखाद्याला मूठभरात होतं. आमच्या वडलांनी लाडाने खालची पडलेली द्राक्षं पिल्लाला घातली, रात्री उलट्या, दुसऱ्या दिवशी मान टाकली, सलाईनवर चार दिवस काढले तेव्हा वाचलं. वडलांना अजून पटलेलं नाही की द्राक्षानेच झालं. कांदाही तसाच वाईट, रक्तातल्या लाल पेशी फुटतात, शिजवलेला पण चालत नाही, म्हणजे रश्शात बुडवलेली पोळी नाही. कांद्याच्या चाळीत आणि फवारणी झालेल्या बागेत एकटी सोडू नका. आणि चुकून खाल्लंच तर उलटीची वाट बघत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा.

वऱ्हाडी_ठेचा
समृद्धीवर शिर्डी ते नागपूर ५२० किलोमीटर आहे अन् थांबायच्या जागा लांब लांब, सावली तर विचारूच नका. डिझेल, पाणी, पेपर भरूनच चढा. १२० ची लिमिट छोट्या गाड्यांना असते, व्हॅनने त्यांच्या नादी लागू नका. मुख्य म्हणजे व्हॅनवाल्याला विचारा, इंजिन बंद असताना मागचा एसी चालतो का. बऱ्याच गाड्यांत बाहेरून वीज लावल्याशिवाय चालत नाही, अन् उन्हात उभी बंद गाडी म्हणजे भट्टी, दहा मिनिटंसुद्धा पिल्लू आत ठेवू नका. फेब्रुवारीअखेर आमच्याकडे दुपार तापायला लागलेली असते. कार्यक्रमात दीडशे पाहुणे असतील, चिवडीला एक बंद खोली मागून घ्या.

गंगापूररोडची_सून
सगळ्यांचे खूप आभार. व्हॅनवाल्याला विचारलं, एसी बाहेरच्या विजेवरच चालतो, म्हणून नणंदेच्या पार्किंगमधून वायर टाकायचं ठरलंय. सोमेश्वरच्या दोन चकरा झाल्या, आज ओकली नाही. निफाडला आईला फोन करून द्राक्षांचं सांगितलं तर म्हणते, "अगं मग तिला घालू काय, पाहुणी ना ती?" म्हटलं गाजर घाल. नागपूरला सासूबाईंना सांगायचं बाकी आहे, त्यांच्या शिऱ्यात बेदाणे असतात आणि त्या कोणालाच रिकाम्या हाताने सोडत नाहीत. तो फोन नवऱ्याला करायला लावते.