हॉस्पिटलमध्ये आईचं पोट सहा दिवस साफ नाही, इसबगोल देऊ का?

लेक_कोथरूडची: आई ७९ वर्षांची. उंबऱ्याला अडखळून पडली, खुब्याचं हाड मोडलं, सांधा बदलला. ऑपरेशन छान झालं, पण तेव्हापासून शौचाला झालेलं नाही. पोट टम्म, दोन घासांत "पुरे" म्हणते. जेवण म्हणजे उपमा, वरण-मऊभात, रात्री मुगाची खिचडी. घरी रोज भाकरी-पालेभाजी खाणारी बाई! दुखण्यासाठी ट्रामाडॉल, शिवाय लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या चालू आहेत. राउंडला डॉक्टर म्हणाले, "चालायला लागल्या की होईल." मावशीने इसबगोल पाठवलंय. देऊ?

सातारकर: आमच्या वडिलांना रात्री गरम दुधात चमचाभर तूप आणि सकाळी भिजवलेल्या काळ्या मनुका लागू पडल्या. कमोडवर बसताना पायाखाली पाट ठेवायचा, जोर नीट लागतो.

मिरजेची_सिस्टर: दादा, पाट तेवढा नको! सांधा बदललेल्या पेशंटचे गुडघे कमरेच्या वर जाता कामा नयेत, सांधा निखळू शकतो. मनुका, पपई चालेल, साखर असेल तर विचारून.

ताई, इसबगोल आत्ता नको. ते पाणी शोषून फुगतं. पाणी कमी पडलं तर आतच गोळा होऊन बसतं. ट्रामाडॉलने आतडी सुस्तावतात, लोह-कॅल्शियमची त्यात भर. नुसत्या भाकरीने हे सुटायचं नाही. लॅक्टुलोजसारखं शौच मऊ करणारं औषध चालेल का आणि खाली घट्ट मळाचा खडा अडकलाय का, हे डॉक्टरांना आजच स्पष्ट विचारा. मध्येच पातळ पाझरायला लागलं तर जुलाब समजून गोळी देऊ नका. कित्येकदा ते खड्याच्या कडेने येतं. उलट्या झाल्या किंवा वारा सरणंही बंद झालं तर लगेच कळवा.

आणि आई पाणी किती पिते? अंदाज नको, बाटलीवर पेनाने खूण करा.

लेक_कोथरूडची: खूण केली. सकाळपासून रात्रीपर्यंत जेमतेम दीड पेला! खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "पाणी प्यायलं की ते भांडं मागावं लागतं. तो पोरगा घेऊन येतो, नातवाएवढा आहे." मी शेजारी बसून फोनवर लॅक्टुलोजचे फायदे वाचत होते.

मिरजेची_सिस्टर: एकतीस वर्षं वॉर्डात काढली, हे फार बायकांचं पाहिलं. वॉर्डातल्या मावशीबाईंनाच पाठवा म्हणून सांगा, कुणी नाही म्हणत नाही. फिजिओथेरपिस्टनी बसायची परवानगी दिली असेल तर उंच कमोड खुर्ची मागवा. नाश्त्यानंतर वीसेक मिनिटांनी बसवा, तेव्हा आतडी आपणहून हलतात. पडदा ओढा आणि बाहेर थांबा. "झालं का, झालं का" करू नका. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर पाणी किती द्यायचं ते विचारून घ्या.

लेक_कोथरूडची: दोन दिवसांनी लिहितेय. तपासलं, खडा होताच. काल एनिमा दिला, लॅक्टुलोज सुरू केलं, आज सकाळी खुर्चीवर आपलं आपण झालं. दुपारी आमटीत मीठ नाही म्हणून कुरकुर! आता मावशीला इसबगोलाचं काय सांगू, तेवढं सुचवा.