पुनर्विकासाआधी आईचं कपाट आवरायचंय, ऐंशी साड्यांचं काय करावं?

डावी_भुसारी:
आमची सोसायटी पुनर्विकासाला जातेय. मेअखेर घर रिकामं करायचं, मग तीन वर्षं भाड्याच्या वन बीएचकेत. आई शाळेतून निवृत्त झालीय. आता सकाळचं फिरणं, भाजी, नातवाची ने-आण, सगळं कुर्ता-सलवारवर. साडी सणाला नि लग्नाला. कपाटात मात्र शाळेतल्या ऐंशीएक साड्या आहेत. कडक खळीच्या सुती, ढीगभर सिंथेटिक, आठ-दहा रेशमी, त्यात दोन पैठण्या. निम्मे ब्लाऊज घट्ट होतात. नव्या घरात दोन दारांचं एकच लोखंडी कपाट मावेल. किती आणि काय ठेवावं?

माप_कातर:
रोजच्या कपड्यांचा हिशेब पावसाळ्यावर करा. मेमध्ये सुती कुर्ता दोन-तीन तासांत वाळतो, तोच जुलैत बंद बाल्कनीत दोन दिवस घेतो. दिवसाआड मशीन लागत असेल तर धुण्यात दोन, दोरीवर दोन, अंगावर एक आणि भिजून आल्यास दोन, असे सात जोड. त्याहून जास्त ठेवले तर खालचे वर येतच नाहीत.

साड्यांबाबत काकूंना "आवडते का?" विचारू नका, एकही निघणार नाही. "कुठे नेसशील?" विचारा. गौरी-गणपती, दिवाळी, संक्रांतीचं हळदीकुंकू, वर्षातली चार-पाच लग्नं-मुंजी असा हिशेब मांडला की रेशमी धरून पंधरा-वीस पुरतात. सगळं कपाट एकदम पलंगावर ओतू नका. संध्याकाळी पलंग लागतो आणि ढीग जसाच्या तसा आत जातो. रोज एक कप्पा घ्या, सिंथेटिकपासून सुरू करा. त्या फाटत नाहीत, म्हणूनच वर्षानुवर्षं राहतात.

रेशीमगाठोडं:
रेशमी साड्या आधी तपासा, मग ठरवा. साडी पूर्ण उलगडून खिडकीसमोर धरा. घडीच्या रेषेवर उजेडाची बारीक फट दिसली तर तिथे दोन्ही अंगठे जवळ धरून अगदी हलका ताण द्या. धागे सरकले किंवा चिरले तर ती साडी नेसण्यातून गेली, निऱ्या खोचतानाच फाटेल. काठ-पदर धड असतील तर ओढणीला लावता येतात.

काठाची जर खरी की खोटी हे ओळखायला आतल्या बाजूचा सुटलेला एक धागा घ्या. सोनेरी मुलाम्याखाली पांढरी चांदी आणि आत रेशीम असेल तर खरी जर. तांबूस तार निघाली तर तांब्याची, प्लॅस्टिकसारखी चमकदार पट्टी निघाली तर कृत्रिम. जुनी जर घेणारे दारावर येतात, त्यांना लगेच देऊ नका. घरच्या काट्यावर वजन करा, दोन ठिकाणी भाव विचारा. चांगल्या स्थितीतली पैठणी तर जरीच्या भावात देणं म्हणजे शुद्ध नुकसान.

ठेवायच्या त्या पाऊस सुरू व्हायच्या आत सावलीत तास-दोन तास वाऱ्यावर टाका, थेट उन्हात नको. मग धुतलेल्या, बिनखळीच्या मलमलीत किंवा जुन्या सुती धोतरात गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते आणि बुरशी धरते. वर्तमानपत्राची शाई लागते. डांबरगोळी जरीला टेकली की जर काळवंडते. त्यापेक्षा वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला, नाहीतर जुन्याच रेषेवर रेशीम तुटतं. जड काठाची साडी हँगरवर लटकवू नका, स्वतःच्याच वजनाने ताणली जाते.

सुती साड्यांची खळ धुऊन काढल्याशिवाय गाठोडं बांधू नका. कपडे कुरतडणारी कसर खळीवर पोसते.

आणि भाड्याच्या घरात कपाट बाथरूमच्या भिंतीला लागून नको. दुसरी जागाच नसेल तर चार बोटं अंतर सोडा.

माप_कातर:
ब्लाऊजचं राहिलं. आतून शिलाई बघा. दोन्ही बाजूंना, पुढच्या-मागच्या भागात अर्धा-अर्धा इंच माया (आत सोडलेलं जास्तीचं कापड) असेल तर एकूण दोन इंच सुटतात. त्याहून जास्त घट्ट असेल तर नाद सोडा. रेशमी ब्लाऊजला जुन्या शिवणीची भोकं दिसतात, तेवढं चालवून घ्यावं लागतं. सगळेच उसवत बसू नका, ठेवायच्या साड्यांचेच करा.

डावी_भुसारी:
खूपच उपयोगी. उरलेल्या बोहारणीला द्याव्यात की गोधडी शिवून घ्यावी?

गोधडी_टाका:
गोधडीला फक्त सुती, तीही विटलेली मऊ. साडेपाच मीटरची साडी मधोमध कापून दोन तुकडे शेजारी जोडले की साधारण पावणेतीन बाय सव्वादोन मीटरची एक बाजू होते. वरखाली मिळून दोन साड्या, आत दोन-तीन. त्याहून जास्त घातल्या तर धुताना उचलत नाही आणि पावसाळ्यात वाळत नाही. सिंथेटिक आत घालू नका, थर सरकतात आणि गोळे होतात. त्या बोहारणीला द्या. फाटकं, डागाळलेलं ती घेत नाही. चिंध्या धुऊन, कोरड्या करून, वेगळं गाठोडं बांधून कचरा न्यायला येणाऱ्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या ताईंना विचारून द्या. ओल्या कचऱ्याला लागल्या की कामातून गेल्या.