मदत हवी आहे: गावाचं राखीव रान आखायचंय, एकच सलग पट्टा की तीन तुकडे?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव आंबेगाव तालुक्यात, भीमाशंकर अभयारण्याच्या पूर्वेला. मी गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीवर आहे. देवराई, तिला लागून असलेलं गायरान आणि काही कुटुंबांनी आपणहून देऊ केलेला मालकीचा डोंगरउतार मिळून वन्यजीवांसाठी राखीव क्षेत्र करायचं असं ग्रामसभेत ठरलंय. देवराईत शेकरू आहे. उतारावर हिरडा आणि कारवी. आता सगळं अडलंय ते सीमा कशी घालायची यावर.

निम्मं गाव म्हणतं, सगळं सलग घ्या. शेकरू फांद्याफांद्यांवरून जातं, मध्ये उघडा पट्टा ठेवला तर ते तिथेच अडकतं. हे मला पटतं. उरलेले म्हणतात, सलग घेतलं तर एका ठिणगीत सगळं जाईल. त्यापेक्षा तीन तुकडे करा, मध्ये साफ केलेले पट्टे ठेवा, एक जळाला तरी दोन वाचतील. हेही खोटं नाही. इकडे वणवा लागतो तो बहुतेक राब भाजताना, म्हणजे भाताचं रोप टाकण्याआधी खाचरात पालापाचोळा जाळताना, उडालेल्या ठिणगीने, नाहीतर 'जाळलं की गवत चांगलं फुटतं' म्हणून मुद्दाम लावलेल्या आगीने. त्या आगीने कुसळी गवत तेवढं माजतं, हिरड्याची रोपं मात्र करपतात, आणि बाळहिरड्यावर, म्हणजे हिरड्याच्या कोवळ्या फळांवर, तर गावाचे चार पैसे अवलंबून आहेत.

त्यात उन्हाळा वाढतोय. सह्याद्रीच्या या उत्तर भागात कोरडे महिने आधीच सात-आठ, दक्षिणेच्या घाटांत तीन-चार. उंच पर्वतांत उष्णता वाढली की प्राणी-वनस्पती हळूहळू वर सरकतात असं वाचलं. आमचा माथा हजार मीटरच्या आसपास संपतो, मग वर सरकून जायचं कुठे? मला वाटतं, थारा मिळेल तो उत्तरेकडे तोंड असलेल्या घळीत, जिथे झरा मे महिन्यातही वाहतो. ती घळ सध्याच्या आखणीत नाही, कारण ती माथ्याच्या पलीकडे एका वेगळ्या कुटुंबाच्या जमिनीत येते. ती मिळवण्यासाठी गायरानाचा काही भाग सोडावा का? आणि हे सगळं कोणत्या कायद्यात बसवायचं? कुणी असं काम केलं असेल तर कृपया लिहा. पावसाळ्यानंतर जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे साफ केलेले पट्टे, काढायच्या आहेत, त्याआधी सीमा ठरायला हवी.

प्रतिसाद १

ताई, कायद्याचं आधी सांगतो. मालकीची आणि गावाची जमीन असेल तर वन्यजीव कायद्यात २००२च्या दुरुस्तीने आलेलं 'सामुदायिक राखीव क्षेत्र' तुमच्या कामाचं. 'संवर्धन राखीव' सरकारी जमिनीवर होतं, त्यात गल्लत करू नका. सामुदायिकमध्ये व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मंजुरी यांशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. हे जमीन देणाऱ्या प्रत्येक घराला सहीआधी नीट समजावून सांगा, नाहीतर पुढे भांडणं होतात. फक्त घळच वाचवायची असेल तर जैवविविधता वारसा स्थळाचाही मार्ग आहे. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाजवळची २.११ हेक्टर जागा एका लहानशा माशासाठी २०२१ साली तशी जाहीर झाली. जागा लहान आहे म्हणून मागे हटू नका.

प्रतिसाद २

मी चंद्रपूरकडचा, आगीच्या कामात बरीच वर्षं आहे. सलग की तुकडे हे ठरवण्याआधी आग कुठून येते ते पाहा. आग उतारावर वर धावते, दर दहा अंश चढाला तिचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे खाली खाचरात राब भाजला की तुमची देवराई थेट तिच्या वाटेत. जाळरेषा देवराईभोवती काढण्यापेक्षा शेत आणि उतार यांच्या मधोमध काढा, दुसरी माथ्यावर. उताराच्या मध्यात काढलेली रेषा जोरातली आग सहज ओलांडते. पायवाट, नाला, कातळ जिथे आधीच आहे तिथूनच रेषा न्या. खालची आणि माथ्यावरची, दोन्ही रेषा उघड्यावर येतात, त्यामुळे शेकरूची वाट तुटत नाही. झाडीच्या आत खालचा पाचोळा झाडून घेतला तरी पुरे, वरच्या फांद्या जुळलेल्या राहू द्या. आपल्याकडची आग बहुतेक जमिनीवरून सरकते, शेंड्यांवरून नाही.

पण खरं काम माणसांत आहे. आमच्याकडच्या पाचगावला २०१२ साली सुमारे हजार हेक्टरचा सामूहिक वनहक्क मिळाला. तेंदूपानासाठी फांद्या छाटतात, आगी लावतात, म्हणून ग्रामसभेने तेंदू तोडणंच बंद केलं. चांगली मिळकत होती ती, तरी सोडली. तुमच्याकडे राब भाजायचे दिवस वाडीवार ठरवून घ्या, वारा पडलेला असताना, पाण्याचे हंडे आणि चार माणसं बांधावर उभी करून. भारतीय वन सर्वेक्षणाच्या आग-सूचना मोबाईलवर कुणालाही नोंदणी करून मिळतात. मात्र उपग्रहाचा एक ठिपका ३७५ मीटरचा असतो आणि तो दिवसातून मोजक्याच वेळा वरून जातो. पहारेकऱ्याला पर्याय नाही.

प्रतिसाद ३

ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडहून लिहितेय. २०१९-२०च्या आगीत इथलं कांगारू बेट जवळजवळ निम्मं जळालं. पश्चिम टोकाचं मोठं राष्ट्रीय उद्यान तर बहुतेक सगळंच गेलं. तिथला डनार्ट नावाचा उंदराएवढा प्राणी फक्त त्या बेटावर आहे, आणि तो टिकला न जळलेल्या तुकड्यांत. त्यातले काही खासगी जमिनीवर होते. तिथे मग रानात मोकाट झालेल्या मांजरांपासून वाचवायला कुंपण घातलं, कारण आगीनंतर आडोसा गेला की शिकारी टिपून खातात. त्यामुळे ती घळ काहीही करून घ्या, गायरानाचा तुकडा सोडावा लागला तरी चालेल. आणि वणव्यानंतरचे पहिले काही आठवडे गावातली मोकाट कुत्री तिकडे जाणार नाहीत एवढं बघा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. रेषा खाली आणि माथ्यावर, आत झाडी सलग, हे गावातल्या दोन्ही बाजूंना पटेल असं वाटतंय. घळीच्या कुटुंबाशी बोलायला समितीतल्या दोन ज्येष्ठांना पाठवतोय. त्यांची अडचण एकच, गुरांचं पाणी त्याच झऱ्यावर आहे. झऱ्याला धक्का न लावता खाली हौद बांधून पाणी नेलेलं कुणी पाहिलंय का? पाइप कुठून काढला, किती पाणी झऱ्यातच सोडलं, हे कळलं तर त्यांच्यासमोर ठोस काही मांडता येईल.